तिसऱ्या ओळीला वर

पिराजी आवळे या माणसाचा कान फार तिखट. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्याची सगळी नोकरी झाली, उसाच्या ट्रॅक्टरांच्या आवाजानं भल्याभल्यांचे कान बधिर झाले, पण याचा कान होता तसा राहिला. रविवारी चर्चमध्ये पेटीवर बसला की मागच्या बाकावर कोण बेसूर झालंय, हे तो मान न वळवता सांगायचा. आणि अशा माणसाच्या पदरात देवानं शालूबाई घातली. देवालाही कधीमधी गंमत करावीशी वाटत असणार, दुसरं काय?

शालूबाईचा आवाज मोठा. ओढ्याच्या या काठावरून तिनं हाक मारली तर त्या काठावरची म्हैस चरायची थांबायची. सुराशी मात्र तिचं कधी पटलं नाही. तिचं एक लाडकं गीत होतं, चर्चच्या मंडळीत सगळ्यांना पाठ असलेलं:

राखणारा जागा माझा, राखणारा जागा,
डोळा लागे साऱ्या जगा, राखणारा जागा,
वाट काळी, रान दाट, तरी नाही भ्यालो,
हात त्याचा धरूनिया पैलतीरी आलो.

चाल साधी होती. पहिल्या दोन ओळी सपाट जायच्या, तिसरी खाली उतरायची आणि चौथी जागेवर यायची. शालूबाई तिसऱ्या ओळीला सरळ वर जायची. इतकी वर, की ही बाई आता परत येते का नाही, असं ऐकणाऱ्याला वाटावं. लग्न झाल्यावर पिराजीनं पेटी पुढ्यात घेऊन तिला ती ओळ शिकवून बघितली.

"अगं, भ्याची ओळ हाय ती. रान दाट हाय, वाट काळी हाय. म्हणून सूर खाली येतोय. कळतंय का?"

"भ्यालो न्हाय म्हणायचं आणि खाली बगायचं, ह्ये कसलं वो?" शालूबाई म्हणाली आणि पुन्हा वर गेली.

त्या वर्षीच्या नाताळात ती चर्चमध्ये पुऱ्या गळ्यानं गायली. तरणी पोरं तोंडावर हात धरून हसली, आणि पाळकसाहेबांनाही खोकला आला. पिराजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर तो म्हणाला, "शालू, चर्चमधी नुसतं ओठ हलवत जा. आवाज काढू नको. देवाला कळतंय."

दुसरी एखादी बाई महिनाभर बोलली नसती. शालूबाई "बरं" म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तेव्हापासून ती चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची आणि ओठ हलवायची. सगळं गीत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या आमेनपर्यंत, बिनआवाजी. आणि आठवडाभर साठलेलं सगळं गाणं ती वाटेवर मोकळं करायची.

ही वाट म्हणजे मळेवस्तीपासून गावातल्या शाळेपर्यंतची. वारणानगरपासून जरा आत, ओढ्यापलीकडे दहाबारा घरांची वस्ती होती. शाळा अलीकडे गावात. मधे उसाचं रान, आणि उसातनं बैलगाडीपुरती वाट. शालूबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायला रोज या वाटेनं जायची. जाताना गायची आणि येतानाही गायची. उसाला कान असते तर तो कधीच दुसऱ्या तालुक्यात निघून गेला असता, असं पिराजी म्हणायचा.

मग त्या हिवाळ्यात बिबट्या आला.

आधी वस्तीतल्या अझीमचं कुत्रं गेलं. मग ओढ्याकाठी हंबीररावांचं वासरू अर्धं खाल्लेलं सापडलं. ऊसतोड सुरू झाली होती. एकेक फड मोकळा होत होता आणि राहिलेल्या उसात ते जनावर दाटीनं राहत होतं. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावला, आत शेळी बांधली. बिबट्या काही पिंजऱ्याकडे फिरकला नाही. शेळी मात्र बसून खाऊन चांगली गुबगुबीत झाली.

भीती कशी पसरते ते त्या वस्तीत बघावं. संध्याकाळी अंगणात कोण दिसेना. मोटारसायकलवाले बाप आपापल्या पोरांना शाळेत सोडायला लागले. ज्यांचे बाप पहाटेच कामाला जात, ती पोरं घरी बसली. अझीम इचलकरंजीला यंत्रमागावर पहिल्या पाळीला जायचा. त्याची शिफा तिसरीत होती, वर्गात सगळ्यात हुशार. अझीमची आई लालबी म्हणाली, "पोरगी जित्ती ऱ्हायली म्हंजे झालं. शाळा काय, व्हईल न्हायतर न्हाय व्हणार."

आणि पिराजी? रविवारी पेटीवर "राखणारा जागा" वाजवताना त्याचे डोळे भरून यायचे. पण सोमवारी अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासाला जायचं तर हातात बॅटरी, काखेत काठी, आणि तरी शालूबाईनं दारात उभं राहायचं. खोटं कशाला बोला, तो भित्रा होता. भित्रेपणाची त्याला लाजही वाटायची, पण लाजेनं भीती जात नाही.

शालूबाईचं जाणं एक दिवसही चुकलं नाही. ती निघायच्या आधी उंबऱ्यात उभी राहायची, डोळे मिटायची, दोन वाक्यांची प्रार्थना करायची आणि गात गात उसात शिरायची. पिराजी तिच्या आवाजाकडे कान लावून बसायचा. आवाज दूर जात जात ओढ्याच्या वळणापाशी बारीक व्हायचा. तिथं त्याचा जीव वर यायचा. मग गावाच्या बाजूनं ती तिसरी ओळ पुन्हा ऐकू यायची, भसाडी आणि वर गेलेली, आणि मग त्याच्या घशाखाली चहा उतरायचा. ज्या ओळीनं त्याचं डोकं आयुष्यभर उठवलं होतं, तिची तो आता रोज वाट बघत होता.

एकदा वनखात्याचा माणूस वस्तीवर आला आणि सगळ्यांना जमवून म्हणाला, "एकट्यानं जाऊ नका. घोळक्यानं जा. मोठ्यानं बोला, गाणी म्हणा. माणूस येतंय कळलं की ते आपणहून बाजूला होतं."

पिराजीच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "म्हंजे तुज्या गळ्यानं तुला राखलं बग. बिबट्या तुज्या गाण्याला भितोय."

"आणि गळा कुणी दिला?" शालूबाई म्हणाली. "तुमी तर तवा म्हणलासा आवाज काढू नको."

ती हसत म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी ती लालबीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आक्का, पोरगीला माज्यासंगं धाडा. मी पुढं चालतो, ती माज्या पदराला धरंल. आणि आमी गप चालणार न्हाय."

लालबीनं विचारलं, "तुला भ्या वाटत न्हाय व्हय गं?"

"वाटतंय की. माणूसच हाय मी. पर मी एकटी कुटं चालतो?"

लालबीनं नातीचं दप्तर आणून दिलं.

शिफाच्या मागनं आणखी चार पोरं आली, मग आणखी. पहिल्या दिवशी पोरं पाढे म्हणत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या कविता झाल्या. पण ओढ्याच्या वळणावर ऊस दोन्हीकडून वाटेवर झुकलेला, दिवसाही तिथं सावली. तिथं पाढे घशातच अडकायचे. शालूबाई मात्र तिथंच सगळ्यात मोठ्यानं गायची. मग पोरंही तेच गायला लागली, आणि तिसऱ्या ओळीला सगळीच्या सगळी तिच्यासारखी वर जायला लागली. कारण त्यांना दुसरी चाल ठाऊकच नव्हती.

हंबीररावांना हे कळलं. त्यांची नात क्रांती मोटारसायकलवर बसायला तयार होईना, तिला चालत जायचं होतं, म्हणून कळलं. माणूस वस्तीतला मोठा बागायतदार, बोलायला रोखठोक. ते पिराजीच्या अंगणात येऊन उभे राहिले.

"पिराजी, आमची पोरगी घरात तुमच्या चर्चचं गाणं म्हणाय लागलीया. ह्ये काय बरं न्हाय."

पिराजीची बोबडी वळली. दिवस असे, की असल्या गोष्टीवरनं काहीही पेटतं. तो काहीतरी पुटपुटणार, तेवढ्यात शालूबाई हात पुसत बाहेर आली.

"मग तुमचं शिकवा की, आबा. मला काय, मोठ्यानं म्हणण्यासारखं पायजे. तुमचं बी म्हणू, शिफाला येतंय ते बी म्हणू. उसातनं जाताना गप ऱ्हायचं न्हाय, एवढंच माजं म्हणणं."

हंबीररावांनी हातातली घुंगराची काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "तू पुढं चालतीस का मागं?"

"पुढं."

"सगळ्यांच्या?"

"व्हय. पोरं मागं."

ते काठी वाजवत निघून गेले. दुसऱ्या दिवशी क्रांती घोळक्यात होती, आणि तिच्या हातात आजोबांची घुंगराची काठी होती. तेव्हापासून वाटेच्या सुरुवातीला सगळ्यांचं सगळं व्हायचं. वळणावर मात्र शालूबाईचंच.

असा महिना गेला. आणि एका शुक्रवारी शालूबाईचा घसा धरला. चुलीचा धूर म्हणा, थंडी म्हणा, रोजचं ओरडणं म्हणा. मिठाच्या गुळण्या झाल्या, हळदीचं दूध झालं. शनिवारी ती उठली तेव्हा तोंडातनं आवाज म्हणून फुटेना.

शनिवारी सकाळची शाळा. बाहेर अजून उजाडतही नव्हतं आणि धुकं असं पडलं होतं की अंगणातला नळ दिसत नव्हता. त्यात दूधवाला सांगून गेला होता, वळणावर ताजे ठसे उमटलेत.

पिराजीला मनातल्या मनात बरंच वाटलं. आज तरी ही घरात राहील. त्यानं बायकोच्या पुढ्यात चहा ठेवला. तिनं चहा घेतला, चपला घातल्या आणि उंबऱ्यात उभी राहून डोळे मिटले.

"अगं, कुटं निघालीस?"

तिनं शाळेकडे बोट केलं.

"शुद्धीवर हाईस का? गळा गेलाय तुजा! काय म्हणून जाणार?"

शालूबाई त्याच्या कानापाशी आली. तिचा श्वास तेवढा ऐकू आला, पण शब्द कळले. "गळा गेलाय. राखणारा गेलाय व्हय?"

पिराजीला वाटत होतं, बाईला आपल्या आवाजाचा भरवसा आहे. तो आवाज गेला तर भरवसाही जायला हवा होता. पण भरवसा जागचा हललाही नव्हता. इतकी वर्षं एका छपराखाली राहून आपली बायको कशावर उभी आहे, हे त्याला त्या उंबऱ्यात पहिल्यांदा दिसलं.

"एक दिवस ऱ्हा की," तो काकुळतीनं म्हणाला.

तिनं मान हलवली. "एक दिवस बसलं की भ्या घरात येऊन बसतंय," ती पुटपुटली. "मग शिफाची आजी काय पुन्ना धाडायची न्हाय तिला." आणि ती धुक्यात निघालीसुद्धा.

लालबीच्या अंगणात पोरं जमली होती. क्रांतीनं घुंगराची काठी वाजवून बघितली, पण घुंगरूही नेहमीसारखं वाजेना. शालूबाईनं खुणेनंच सांगितलं, चला, म्हणा. धाकट्यांनी एकमेकांकडे बघितलं. गाणं सुरू करणारं माणूसच गप होतं. शिफानं तोंड उघडलं आणि तिला रडू आलं. लालबी पुढं झाली आणि तिनं नातीचा हात धरला. "आज ऱ्हाऊ दे गं बाई."

तेवढ्यात धुक्यातनं पेटीचा सूर आला.

पिराजी येत होता. शालूबाईचं जुनं लुगडं पिळून त्यानं पेटीला बांधलं होतं आणि ते गळ्यात अडकवलं होतं. डाव्या हातानं भाता, उजव्या हातानं पट्ट्या. तोंड पांढरंफटक. पायात दोन वेगळ्या चपला. असा हास्यास्पद माणूस त्या वस्तीनं पूर्वी बघितला नव्हता, आणि मी सांगते, असा शूरही नाही. ज्याला भीतीच वाटत नाही त्याचं काय एवढं? हा माणूस भीतीनं लटलटत होता आणि चालत होता.

शालूबाईनं त्याच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले. तिनं शिफाचा हात लालबीच्या हातातनं अलगद काढून घेतला आणि नवऱ्याच्या शेजारी, सगळ्यांच्या पुढं, चालायला लागली.

पेटीच्या आधारानं पोरांचे गळे मोकळे झाले. पाढे झाले, कविता झाल्या. वळण आलं तसं पिराजीनं "राखणारा जागा" धरलं. पहिली ओळ छान गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीला पिराजीची बोटं सवयीनं खाली उतरली, जशी जन्मभर उतरत आली होती. पोरं वर गेली. पेटी एकीकडे, पोरं दुसरीकडे. दोन्ही सूर एकमेकांना धडकले आणि पोरं गोंधळून गप झाली. पेटीही थांबली.

त्या शांततेत उजवीकडचा ऊस सळसळला.

तो वाटेवर आला. अगदी सावकाश. पुढं, दहाबारा पावलांवर, धुक्यात पिवळा, आणि जेवढा सांगत होते त्याहून मोठा. मान वळवून तो त्यांच्याकडे बघत उभा राहिला. एक पोर पिराजीच्या मागं हुंदका देऊन थांबलं. वळावं आणि पळावं, एवढंच पिराजीच्या मनात आलं. आणि पळणाऱ्याच्या मागं ते जनावर येतं, हेही आठवलं.

त्याच्या खांद्यावर हात पडला. शालूबाईचा. तो हात कापत होता, पण त्यानं खांदा सोडला नाही. ती एक पाऊल पुढं होऊन त्याच्या आणि पोरांच्या पुढ्यात उभी राहिली, आणि बिबट्यावरची नजर न काढता त्या बसलेल्या घशानं म्हणाली, "आमचं वाजवा."

पिराजीला कळलं. त्यानं भाता दाबला. "प्रभू," एवढाच शब्द त्याच्या मनात आला, तीच त्याची प्रार्थना. आणि त्यानं ती तिसरी ओळ वाजवली, वर. जशी ती गायची तशी, चुकत, सगळे नियम मोडत, वर.

वाट काळी, रान दाट, तरी नाही भ्यालो!

पोरांना त्यांचं गाणं सापडलं. सगळी एकदम ओरडली, शिफा, क्रांती, सगळी, घुंगरू खणखणलं, पेटी फुटेल इतकी वाजली. बिबट्यानं कान मागं घेतले. मग एखाद्या कंटाळलेल्या पाहुण्यासारखा तो वळला, वाट ओलांडली आणि डावीकडच्या उसात नाहीसा झाला. ऊस जरा हलला आणि थांबला.

पोरं गातच राहिली, शाळेचं फाटक येईपर्यंत. पिराजी फाटकाशी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शालूबाईनं त्याच्या गळ्यातली पेटी काढली, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि खिचडी टाकायला गेली. शाळेत चूल वेळेवर पेटली.

त्या वाटेवर पुन्हा बिबट्या कुणाला दिसला नाही. ऊस तुटत गेला, तसा तोही कुठं सरकला असेल. त्याला कुणी हाकललं यावर वस्तीत अजून वाद होतात. हंबीरराव म्हणतात घुंगरानं, वनखात्याचा माणूस म्हणतो आवाजानं. शालूबाई वाद घालत नाही. शेळी तेवढी कुणी परत नेली नाही, ती आता शाळेच्या आवारात असते.

आठवड्याभरानं शालूबाईचा गळा सुटला. रविवारी ती नेहमीसारखी चर्चमध्ये आली, ओळखीच्यांना मंडळीतल्या रीतीचा सलाम केला आणि नेहमीसारखी शेवटच्या बाकावर बसली. पाळकसाहेबांनी तेच गीत सांगितलं. पिराजीनं पेटी धरली. मंडळी गायला लागली, पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीला पिराजी वर गेला.

सगळी मंडळी खाली उतरली होती. मोठा घोटाळा झाला. पुढच्या बाकावरच्यांनी माना वर केल्या, आमच्या पिराजीला आज झालं काय? पिराजीनं पेटी थांबवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान वळवून शेवटच्या बाकाकडे बघितलं. शालूबाईचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. इतकी वर्षं ती बिचारी त्याचा शब्द पाळत होती.

पिराजी उठून उभा राहिला. भरल्या चर्चमध्ये, सगळ्यांच्या देखत, तो म्हणाला, "शालू, आवाज काढ."

ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली.

"पुढं ये आणि आवाज काढ," तो म्हणाला. मग मंडळीकडे वळला. "आणि मंडळी, तिसऱ्या ओळीला वर जायचं. तिच्या मागनं."